तीन नंबरची टाकी

९ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण तुला ते नको असतील तर फुकट जातील, म्हणून नुसतंच लिहितो. बावीस वर्षांतलं माझं हे पहिलं पत्र. तुझा पत्ता तुझ्या वहिनीने दिला. कुठून आणलास म्हणून विचारलं तर म्हणाली, "मिळाला." एवढंच. कुठेतरी पाणी मुरतंय, पण ते मी सवडीने बघीन.

तर आपला रंगाचा कारखाना पाडला. धुराडं गेलं, वजनकाटा गेला, ज्या पत्र्याच्या शेडखाली आपण डबे खायचो तीही गेली. बॉयलरचा चौथरा तेवढा उरलाय. त्याच्यावर यंत्राचा दात मोडला, तेव्हा त्यांनी तो शेवटासाठी ठेवला. तिथे आता बत्तीस मजल्यांचे चार टॉवर होणार. घरं विकायची नाहीत, सगळी भाड्याने द्यायची. गेटवर फलक लावलाय, त्यात नवरा, बायको आणि एक मूल खिडकीत उभं राहून हसतायत. इतकं हसण्यासारखं त्या खिडकीतून काय दिसणार ते मला कळलेलं नाही. समोर आपल्याच कामगारांच्या खोल्या आहेत आणि दोरीवर माझी बनियनं.

मला त्यांनी कामावर घेतलंय. जमिनीखाली कुठे काय पुरलंय हे माहीत असलेला, एकतीस वर्षं नोकरी केलेला मुकादम मीच एक शिल्लक. पिवळी टोपी दिली, खुर्ची दिली. साइटचा मॅनेजर मला काका म्हणतो आणि रोज स्वतःच्या हाताने चहा आणून देतो. मॅनेजर चहा आणून देतो म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं. मी चहा पितो आणि वाट बघतो.

जुन्या कामगारांच्या मुलांना घरासाठी आधी नंबर देणार आहेत. तुझी पुतणी, जिला तू खांद्यावर बसवून फिरवायचास, तिने पहिल्या टॉवरमध्ये पहिला मजला मागितलाय. खाली मुलांची खेळायची जागा आहे, वाळूचा हौद आहे. तिची पोर दोन वर्षांची आहे आणि माती दिसली की आधी तोंडात घालते.

आता मुद्द्याचं. परवा साइटच्या तक्रारपेटीत एक चिठ्ठी निघाली. सही नाही. अक्षर डाव्या हाताने काढल्यासारखं वेडंवाकडं. "तीन नंबरच्या टाकीत अजून विष आहे. त्यावर पोरं खेळवू नका."

मॅनेजरने ती मला दाखवली, आणि मी वाचत असताना तो चिठ्ठीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ताकास तूर लागू दिली नाही. पण धाकट्या, त्या कारखान्यात 'तीन नंबर, तीन नंबर' हे एकाच माणसाने धरून ठेवलं होतं. म्हणून सरळ विचारतो. ही चिठ्ठी तुझी का? तुझी असेल तर कुणाच्या हातून टाकलीस?

तुझा
दादा

'तुझा' खोडणार होतो. राहू दे.


२३ नोव्हेंबर

धाकट्या,

उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, आलेलं पत्र मी काय घरी घेऊन जातो?" कुणी सांगावं.

त्या चिठ्ठीमुळे मातीवाली बाई आली. मी तिला असंच म्हणतो. तिशीची असेल, केस बारीक कापलेले, नखं माझ्यापेक्षा मळकी. ती जमिनीत भोकं पाडून माती बाटल्यांत भरते, आणि तिने सही केल्याशिवाय टॉवरचा पाया घालता येत नाही. जुने मालक वारले, दप्तर वाळवीने खाल्लं. तिच्या हातात आहे फक्त एक निळा नकाशा. त्यात आपल्या जमिनीखालच्या सात टाक्या एका ओळीत, एक ते सात आकडे घातलेल्या. कशात काय होतं ते त्यावर नाही. ते दर महिन्याला बदलायचं आणि मुकादमाच्या वहीत असायचं.

"काका, या टाक्यांत काय असायचं?"

"धुण्याचं पाणी," मी म्हटलं. "चार नंबरात जरा रंग."

"मग बावीस वर्षांपूर्वी इथली माणसं आजारी पडली ती कशाने?"

म्हणजे हिला माहीत होतं. कुणी सांगितलं असेल?

"एका टाकीत ॲसिडचं पाणी होतं. ते सगळं वाहून गेलं."

"कुठल्या टाकीत?"

"आता वयोमानाने आठवत नाही." वयाचा असा कधीकधी उपयोग होतो.

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी उलट बाजूने वाचायचा प्रयत्न केला, पण डॉक्टरसारखं अक्षर.

नियमाप्रमाणे तिला टाक्यांच्या ओळीत तीन भोकं पाडायची होती. एक आणि सात, म्हणजे दोन्ही टोकं, आणि चिठ्ठीत लिहिलेली तीन. काल निकाल आला. तीन नंबरची माती स्वच्छ. मॅनेजर म्हणाला, "बघा काका, कुणाचातरी खोडसाळपणा." मी म्हटलं, "असतात अशी माणसं." काल चहाबरोबर बिस्किटंही आली.

तुला हे कळवताना मला अगदीच आनंद होत नाही असं नाही. चौकशीतही तू असाच तीन-तीन करत होतास. तेव्हा ऑफिसकडून आलेली चिठ्ठी स्पष्ट होती: टाकी क्रमांक तीन रिकामी करणे. तीनमध्ये साधं पाणी. व्हॉल्व्ह उघडा सापडला पाचचा, आणि पाचमधलं ॲसिडचं पाणी गटारातून आपल्या विहिरीत गेलं. एकोणीस माणसं आजारी पडली. फिटरची बायको तिसऱ्या आठवड्यात गेली. बंद खोलीत आपण दोघं आणि तीन साहेब. त्यांनी नकाशा पसरला, पाचवर बोट ठेवलं आणि तुला विचारलं, कोणती उघडलीस? तू म्हणालास, तीन. मग मला विचारलं, "मुकादम, तुम्ही याला कोणती दिली होती?" मी म्हटलं, "चिठ्ठीत होती तीच."

यातला एक शब्दही खोटा नाही. तुला काढून टाकलं, तू गाव सोडलंस, सगळे म्हणाले खोटारडा आणि वर निर्लज्ज. पण मी खोटं बोललो नव्हतो. हे तू एकदा लक्षात घे.

दादा


८ डिसेंबर

धाकट्या,

मातीवाली बाई पंधरा तारखेला सही करणार, सोळाला पाया. सगळं सुरळीत चाललंय आणि त्यामुळेच माझा कशावर विश्वास बसत नाही.

चिठ्ठी तुझी नसेल तर फिटरची, असा मी तर्क बांधला. तो अजून शेजारच्याच खोलीत राहतो. रोज सकाळी दारात खुर्ची टाकतो आणि कारखान्याकडे पाठ करून बसतो. त्याचं अक्षर बघावं म्हणून मी त्याला म्हटलं, माझा हात थरथरतो, विजेच्या ऑफिसला चार ओळींचा अर्ज लिहून दे. त्याने चष्मा लावून अख्खं पान लिहून दिलं. वर विचारलं, "लाइट गेलीय का तुझी? माझ्याकडे मेणबत्त्या आहेत, नेतोस का?" अक्षर मोत्यासारखं. मी मेणबत्त्या घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर सगळा राग तुझ्यावर निघाला. म्हटलं, हे त्याचंच काम, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो हा. तुझी वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजींना कशाला बोलता? चिठ्ठी मी टाकली."

मला आधी वाटलं, माझी समजूत घालायला म्हणतेय.

"तू? तुला टाक्यांचं काय कळतं?"

"काही कळत नाही. भावोजी गेले त्या दिवशी या दारात उभे राहून म्हणाले, वहिनी, कुणी काही म्हणो, मी तीनच उघडली. मी म्हटलं, ते तीन म्हणतात तर तीनच असणार. मग विषही तीनमध्येच असणार. त्या टाकीवर सिमेंट ओतताना मी या खिडकीतून बघत होते. खालचा गाळ कुणी काढला नाही."

"पण तीन स्वच्छ निघाली ना!"

"तेच मला कळत नाहीये." आता तिने मान वर केली. "तुम्हाला कळतंय का?"

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. तीन फेऱ्या मारल्या. फिटरने विचारलं, पोटात गॅस झालाय का?

मला कळतंय, धाकट्या. त्या दिवशी नकाशा टेबलावर पसरला तेव्हाच कळलं होतं. साहेब गेटने यायचे, म्हणून ऑफिस गेटकडून टाक्या मोजायचं. आपली पाळी बॉयलरपासून सुरू व्हायची, म्हणून कामगार बॉयलरकडून मोजायचे. ऑफिसची तीन ती आपली पाच. ऑफिसची पाच ती आपली तीन. मधली चार दोन्हीकडून चारच, आणि रोजचं काम चारवर, म्हणून वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नाही. नकाशा कुठल्या कामगाराने पाहिला होता? चार सोडून दुसऱ्या कुठल्या टाकीची चिठ्ठी आली की मुकादमाने ती वाचायची, मनात उलटी मोजायची आणि माणसाला आपला आकडा तोंडाने सांगायचा. चिठ्ठी स्वतःच्या खिशात. ती कुणाच्या हातात द्यायची नाही, हे आधीच्या मुकादमाने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुला लागून आठ महिने झाले होते. तुला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तू तीनच उघडलीस. बॉयलरकडून तिसरी. तू बरोबर होतास.

वहिनीने लिहिलेली तीन ही तुझी तीन. बाईने खोदली ती ऑफिसची. आणि वाळूचा हौद येतोय तो नकाशातल्या पाचवर.

आता तू विचारशील, दादा, मग त्या दिवशी आकडा उलटवून का नाही सांगितलास? ते आज लिहवत नाही.

दादा


१४ डिसेंबर

धाकट्या,

काल तुझी पुतणी आली होती, हातात मापाची टेप. घर अजून हवेत आहे आणि हिने पडद्यांचं कापड ठरवलंय. म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे नंबर लागला." पोर माझ्याबरोबर साइटवर यायचा हट्ट धरून बसली, म्हणून नेली. टोपी तिच्या डोक्यावर घातली. मी मॅनेजरशी दोन शब्द बोलतोय तोवर ती खाली बसली आणि गालात एक खडा. बोट घालून काढला. कुठे बसली होती ते तुला सांगायला नको.

घरी येऊन तिचं तोंड चार वेळा धुतलं. मुलगी हसायला लागली. म्हणाली, "बाबा, माती आहे, विष नाही." तुझी वहिनी नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तर ऐक. त्या दिवशी मी तुला आकडा सांगितला नाही, कारण मी तुझ्याशी बोलत नव्हतो. चौथा दिवस होता. तुला आठवतही नसेल. तू डब्याच्या सुट्टीत सगळ्यांसमोर माझ्या चालण्याची नक्कल केली होतीस, हात मागे बांधून, पोट पुढे काढून. अख्खी शेड हसली. फिटरच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. मुकादम म्हणून माझी काय ती पत, ती गेली असं मला वाटलं. मी तुझ्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी ऑफिसची चिठ्ठी आली. मी आलो, तोंड फिरवलं आणि ती तुझ्या हातावर ठेवली. तोंडातून ब्र काढला नाही. तू विचारलंस, "दादा, हीच ना?" मी तसाच पुढे गेलो, हात मागे बांधून.

एवढंच झालं होतं. एक शब्द बोललो असतो तर ती बाई जगली असती.

चौकशीत मी 'चिठ्ठीत होती तीच' म्हणालो तेव्हा मला ठाऊक होतं मी काय करतोय. पोरगी शाळेत होती, खोली कारखान्याची होती. नंतर मी बावीस वर्षं मूग गिळून बसलो आणि तुझ्यावरच संशय घेत राहिलो. तू दारू पीत असशील, तू कुणाशी संगनमत केलं असशील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. खरं सांगायचं तर तू नक्कल हुबेहूब केली होतीस. अजून तसाच चालतो मी.

आज सकाळी मातीवाल्या बाईकडे गेलो. म्हटलं, "बाई, तुम्ही चुकीच्या जागी खोदलंत. चूक तुमची नाही."

तिने वही मिटली. "काका, मी वाटच बघत होते. तुम्ही साइटभर सरळ चालता, पण त्या एका जागेपाशी रोज वळसा घालता. मी म्हटलं, सांगतील. नाहीतर उद्या मीच तिथे चौथं भोक पाडणार होते."

बघ. मी सगळ्यांवर नजर ठेवून होतो आणि ही माझ्या पायांवर.

मी बॉयलरच्या चौथऱ्याला पाठ लावून उभा राहिलो आणि तोंडाने मोजत चालत गेलो. एक. दोन. तीन. तिथे थांबलो. यंत्र सिमेंट फोडून खाली गेलं आणि काळपट जांभळा गाळ वर आला. तोच वास. कामाची माणसं नाकाला फडकी लावून मागे सरकली. मॅनेजर म्हणाला, "काका, हे आधी सांगता आलं नसतं?" तो रागावून म्हणाला, पण प्रश्न बरोबर होता. चहा आज आला नाही.

दादा


२७ डिसेंबर

धाकट्या,

पहिल्या टॉवरचं काम बंद झालं. सगळी माती खणून दूर न्यायची, मग पुन्हा तपासायची. वर्ष जाईल म्हणतात. टोपी आणि खुर्ची परत केली. पुतणीचा नंबर गेला. तिला सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. घरासाठी नाही, तुझ्यासाठी. तिला इतकी वर्षं मी सांगत आलो होतो की काकाच आपल्याला विसरला.

मातीवाल्या बाईने माझा जबाब लिहून घेतला. दोन्ही मोजण्या, अबोला, चौकशी, सगळं. मी सही केली. त्याची एक प्रत या पाकिटात आहे. तुला कुणाला दाखवायची असेल तर दाखव.

मग फिटरकडे गेलो. त्याच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसलो. बावीस वर्षं त्याने तुझ्या नावाने बोटं मोडली होती आणि मी माना डोलावल्या होत्या. त्याला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, उठून मारील. मारायला हवं होतं.

"कशावरून बोलत नव्हतास त्याच्याशी?" त्याने विचारलं.

"त्याने माझ्या चालण्याची नक्कल केली होती."

"त्यावरून?"

"हो."

"मी हसलो होतो रे त्या दिवशी," तो म्हणाला. "घरी जाऊन तिलाही करून दाखवली होती. तीही खूप हसली." मग त्याने खुर्ची उचलली, आत गेला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. माझ्याकडे पाठ करून ठेवली होती. त्याला तो हक्क आहे.

हे पत्र लिहायला बसलो तेव्हा तुझी वहिनी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "हे कितवं?"

"पाचवं."

"तेव्हाही चिठ्ठीच दिलीत त्यांच्या हातात. आताही चिठ्ठ्याच देताय."

मी म्हटलं, "मग काय करू? तो उत्तर देत नाही."

"कसं देतील? ते म्हणतात, दादा तोंडाने बोलला तर बोलेन."

"म्हणतात? कुणाला म्हणतात?"

तिने डाळीच्या डब्याखालून एक कागद काढला, मऊ पडलेला, घड्यांवर चिरलेला. त्यावर तुझा फोन नंबर. एकवीस वर्षं ती तुझ्याशी बोलतेय, मी कामावर असताना. मी सगळ्या गावावर संशय घेतला आणि स्वयंपाकघरात कधी बघितलं नाही. मला राग यायला हवा होता. मी रडलो, असं लिहितो, कारण ती तुला सांगेलच.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल. रविवारी सकाळी दहा वाजता मी फोन करीन. वहिनी करणार नाही, मी करीन. उचल. आधी काही ऐकू आलं नाही तर लगेच ठेवून देऊ नकोस. मी तिथेच असेन. मला आधी तुझा आकडा सांगायचाय, तोंडाने, जो त्या दिवशी सांगायचा राहिला: पाच. तुला पाच सांगायची होती रे. पहिला शब्द बाहेर यायला जरा वेळ लागेल, तेवढा थांब.

तुझा
दादा